स्टेंटच्या आधीचे तास, नंतरचे महिने

कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या, दाराबाहेर नातेवाइकांना एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मेडिकेटेड टाकायचा की साधा?" आत पेशंटला अटॅक आलेला, बाहेर मुलगा नाहीतर जावई ओळखीच्या डॉक्टरला फोन लावण्याच्या धडपडीत आणि हातात संमतीपत्र. खरे तर हा प्रश्न त्यांना विचारण्याचे आता काही कारण उरलेले नाही. गुठळीने बंद पडलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवायचाच तर तो औषधलेपित, म्हणजे लोक ज्याला मेडिकेटेड म्हणतात तो बसवावा, हे केव्हाच ठरले. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ते शंकेला जागा न ठेवता लिहून टाकले आहे.

वाद मिटला, पण पेशंट वाचवण्याचे काम बरेचसे तसेच पडून आहे. आपला राग, आपली चर्चा आणि सरकारी पैसा त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या जाळीभोवतीच फिरत राहिला. अटॅकचा पेशंट जातो तो स्टेंटच्या आधीच्या तासांत. स्टेंट बसून घरी आलेला दगावतो तो पुष्कळदा नंतरच्या महिन्यांत, गुठळी रोखणारी गोळी सुटल्यावर. सरकारी योजनेने स्टेंटचे पैसे जरूर द्यावेत, पण तिथे थांबू नये. छातीत कळ आल्यावर काढलेल्या पहिल्या ईसीजीपासून बाराव्या महिन्यातल्या शेवटच्या गोळीपर्यंतचा सगळा उपचार हे एकच पॅकेज मानावे, एवढे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगायचे तर आधी अटॅक म्हणजे नेमके काय होते ते पाहावे लागेल.

बहुतेकांच्या मनात पाण्याच्या नळात क्षार साचावेत तसे चित्र असते. चरबी साचत जाते, नळी सत्तर टक्के, ऐंशी टक्के, नव्वद टक्के बुजते आणि एक दिवस बंद पडते. डॉक्टरांमध्येही पूर्वी यावरून मतभेद होते. रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी ही अटॅकचे कारण की अटॅकचा परिणाम, असा वाद चाले. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात मार्कस डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या अटॅकमध्येच अँजिओग्राफी करण्याचे धाडस केले. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के पेशंटांची रक्तवाहिनी पूर्ण बंद होती आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत तिथून गुठळ्याही निघाल्या. चरबीच्या थरावरचे पातळ आवरण फाटते, आतला मालमसाला रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. हाच तो अटॅक.

यातली अस्वस्थ करणारी गोष्ट पुढच्या दशकात कळली. ज्यांना नंतर अटॅक आला, त्यांतल्या काहींची जुनी अँजिओग्राफी योगायोगाने उपलब्ध होती. ती काढून पाहिली तर जी जागा नंतर बंद पडली, ती बहुतेकांच्या जुन्या चित्रात निम्म्याहूनही कमी अरुंद होती. म्हणजे 'चाळीस टक्केच आहे, काळजी नको' असे ज्या जागेबद्दल सांगितले जाते, तीही फाटू शकते. उलट ऐंशी टक्क्यांची जुनी, घट्ट झालेली अडचण वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. अशा स्थिर दुखण्यात, जिना चढताना छाती भरून येणाऱ्या पण एरवी ठीक असणाऱ्या पेशंटमध्ये, स्टेंटने आयुष्य वाढते का, हे तपासणारे मोठे अभ्यास झाले. २००७ च्या 'करेज'मध्ये २,२८७ आणि २०२० च्या 'इस्केमिया'मध्ये ५,१७९ पेशंट होते. नीट औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी होते, आणि तेही कमी मोलाचे नाही. पण तो निर्णय चार दिवस विचार करून, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन करण्यासारखा असतो. गुठळीच्या अटॅकमध्ये ती सवड नसते. तिथे हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि रक्तवाहिनी उघडली तर माणूस वाचतो. आपल्याकडे गंमत अशी, की पहिल्या प्रकारचा पेशंट 'ब्लॉकेज निघालंय' म्हणून त्याच रात्री दाखल होतो आणि दुसऱ्या प्रकारचा 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन सकाळ होण्याची वाट पाहतो.

आता लेपाविषयी. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला पहिल्यांदा हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा फुगवला. फुगा काढला की भिंत पुन्हा मिटायची, म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिख सिग्वार्ट यांनी धातूची जाळी आतच ठेवून दिली. जाळीने भिंत तोलून धरली, पण जखम भरताना शरीर जरा जास्तच उत्साह दाखवते. पेशी वाढून जाळीच्या आतून नवा थर चढायचा आणि चार-पाचांतल्या एकाला काही महिन्यांत पुन्हा टेबलावर यावे लागायचे. यावर उतारा सापडला तो ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालेल्या सिरोलिमसमध्ये. हे औषध ज्यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेत वेगळे केले आणि कंपनीने हात आखडता घेतला तरी ज्यांनी त्याचा नाद सोडला नाही, ते सुरेंद्रनाथ सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. स्टेंटच्या विदेशीपणाचे कौतुक करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हरकत नाही. १९९९ च्या डिसेंबरात साओ पाउलोला एदुआर्दो सूझा यांनी सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला. २००२ मध्ये 'रॅवेल' अभ्यासाचे आकडे आले: साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के पेशंटांची नळी पुन्हा अरुंद झाली, लेपाच्या स्टेंटमध्ये एकाचीही नाही.

हा आनंद चार वर्षे टिकला. २००६ च्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत वेगळेच आकडे मांडले गेले. लेपाच्या स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यानंतरही अचानक गुठळी होत होती. पेशींची वाढ रोखणारे औषध जखम भरणेही लांबवते, धातू उघडा राहतो आणि उघड्या धातूवर रक्त गोठते. गुठळीच्या पेशंटच्या बाबतीत तर ही भीती दुप्पट होती. त्याची रक्तवाहिनी अटॅकच्या वेळी आकसलेली असते, त्यामुळे मापाने घेतलेला स्टेंट नंतर सैल पडू शकतो. जाळीमागे दबलेली गुठळी विरघळली की तिथे पोकळी राहते. शिवाय रात्री दोन वाजता आलेल्या माणसाला अल्सर आहे का, त्याचे कुठले ऑपरेशन ठरले आहे का, तो वर्षभर गोळ्या घेईल का, हे विचारायला वेळ नसतो. म्हणून अनेक डॉक्टर अटॅकमध्ये मुद्दाम साधा स्टेंट वापरत, आणि त्यात चूक काही नव्हती.

मग स्टेंट सुधारले. तारा बारीक झाल्या, औषध बदलले, औषध धरून ठेवणारा थर शरीराला सोसेल असा झाला. 'एक्झामिनेशन' अभ्यासात अटॅकच्या १,४९८ पेशंटांना एकतर एव्हरोलिमसचा लेप असलेला किंवा साधा स्टेंट बसवला. वर्षभरात स्टेंटमध्ये नक्की गुठळी झालेल्यांचे प्रमाण साध्यात १.९ टक्के, लेपाच्यात ०.५ टक्के. ज्या लेपाने गुठळी होईल अशी भीती होती, त्याच लेपाच्या सुधारित रूपात ती कमी झाली. पाच वर्षांनंतर मृत्यूही कमी दिसले. तरी माझ्या मते यावरून 'लेप जीव वाचवतो' असे म्हणणे घाईचे होईल. नॉर्वेत ९,०१३ पेशंटांवर झालेल्या 'नॉरस्टेंट' अभ्यासात सहा वर्षांनी मृत्यू आणि अटॅक दोन्हींकडे जवळपास सारखेच होते. कमी झाले ते पुन्हा करावे लागणारे उपचार: १९.८ टक्क्यांवरून १६.५ टक्के. लेपामुळे मुख्यतः दुसरी अँजिओप्लास्टी वाचते, आणि तेवढे कारण लेपाचा स्टेंट निवडायला पुरेसे आहे.

इथे एक गोष्ट जाता जाता. गुठळीच रोगाचे मूळ, तर स्टेंट बसवण्याआधी ती नळीने ओढून काढावी, यापेक्षा पटण्यासारखे काय असेल? काढलेली लालकाळी गुठळी बशीत ठेवून नातेवाइकांना दाखवताही येते. 'टोटल' या अभ्यासात १०,७३२ पेशंटांवर हे करून पाहिले. सरसकट ओढून फायदा झाला नाही, आणि पक्षाघात मात्र थोडे वाढले.

आता गरिबाचा स्टेंट. साध्या स्टेंटच्या बाजूने सर्वांत जास्त वापरला गेलेला युक्तिवाद असा होता, की गरीब माणूस गुठळी रोखणाऱ्या दोन-दोन गोळ्या (ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल) वर्षभर घेणार नाही, म्हणून त्याला साधाच बरा. या युक्तिवादामागे पुरावा होता. अटॅकनंतर लेपाचा स्टेंट बसवलेल्या ५०० अमेरिकन पेशंटांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याभरातच त्यांतल्या ६८ जणांनी क्लोपिडोग्रेलच्या जातीची गोळी सोडली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ०.७ टक्के दगावले, सोडणाऱ्यांपैकी ७.५ टक्के. दहापट. हे सोडणारे कोण होते? वयस्कर, कमी शिकलेले, घरात जोडीदार नसलेले, खर्चाच्या भीतीने दवाखाना टाळणारे. अमेरिकेतली यादी आहे, पण आपल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत ही सगळी मंडळी ओळीने बसलेली दिसतील.

निदान बरोबर होते, काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. २०१५ मध्ये 'लीडर्स फ्री' अभ्यासात रक्तस्रावाचा धोका असलेल्या २,४६६ पेशंटांना दोहोंपैकी एका प्रकारचा स्टेंट बसवून दोन गोळ्या फक्त एकच महिना दिल्या. तिथेही औषधाचा स्टेंटच जास्त सुरक्षित ठरला. म्हणजे साधा स्टेंट गोळी चुकवणाऱ्याला सांभाळून घेतो, ही समजूत गेली. दुसरीकडे, ताज्या अटॅकच्या पेशंटांत एक-दोन महिन्यांतच दोनांची एक गोळी करून, फक्त क्लोपिडोग्रेल ठेवून पाहणाऱ्या २०२२ च्या जपानी अभ्यासात अटॅक वाढलेले दिसले. तेव्हा रक्तस्रावाचा धोका नसेल तर अटॅकनंतर वर्षभर दोन गोळ्या, हाच आजही बहुतेकांसाठीचा नियम आहे. स्टेंट कुठलाही असो, गोळीपासून सुटका नाही. मग गोळी पोहोचवण्याची जबाबदारी टाळून गरिबाला हलका स्टेंट देणे म्हणजे यंत्रणेचा आळस त्याच्या छातीत बसवणे झाले.

२०१७ च्या किंमत नियंत्रणाचे मी तेव्हाही स्वागत केले होते, आजही करतो. त्याआधी औषधलेपित स्टेंटची छापील किंमत दीड-दोन लाखांपर्यंत जायची आणि कारखान्यातून निघाल्यापासून पेशंटच्या बिलापर्यंत ती किती पटींनी फुगते, हे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानेच जाहीर केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये अशी मर्यादा घातली गेली. घाऊक महागाईप्रमाणे ती बदलत जाऊन आता औषधलेपित स्टेंट एकोणचाळीस हजारांच्या आसपास आहे. दर्जा घसरेल, नवे तंत्रज्ञान येणार नाही, अशी ओरड तेव्हा झाली. त्या ओरडीचे प्रतीक होता ॲबट कंपनीचा ॲबसॉर्ब, शरीरात विरघळून जाणारा स्टेंट. अमेरिकेत मान्यता मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तो भारतात महाग किमतीला विकला जात होता. प्राधिकरणाने त्याला वेगळी किंमत दिली नाही, तेव्हा कंपनीने भारतातून माल काढून घेण्याची परवानगी मागितली. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या 'एडा' अभ्यासाचे आकडे आले. दोन वर्षांत ॲबसॉर्बमध्ये गुठळी ३.५ टक्के, नेहमीच्या औषधलेपित स्टेंटमध्ये ०.९ टक्के. सप्टेंबरात कंपनीने जगभरातली विक्रीच थांबवली. ज्याला आपण मुकणार म्हणून गळा काढला जात होता, त्याला सगळे जग मुकले आणि कोणाचे काही बिघडले नाही.

दर्जाचे म्हणाल तर सुरतेत बनणारा सुप्राफ्लेक्स हा स्टेंट युरोपातल्या सात देशांत १,४३५ पेशंटांवर त्याच ॲबटच्या झायन्स या औषधलेपित स्टेंटसमोर तपासला गेला. वर्षभरानंतर तो कुठेही उणा ठरला नाही आणि हा 'टॅलेंट' अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तरी आपल्याकडे "इम्पोर्टेडच टाका, पैशाचं बघू" म्हणणारे नातेवाईक भेटतातच.

किंमत उतरली, पण पॅकेजचा आकडा तेवढा उतरला नाही, हे ज्यांच्या घरात अँजिओप्लास्टी झाली त्यांना वेगळे सांगायला नको. माझी तक्रार मात्र त्याहून मोठी आहे. किंमत बांधून सरकारला वाटले, हृदयरोगाचे काम झाले. स्टेंट मोजता येतो, त्याचा डबा असतो, त्यावर छापील किंमत असते, त्यामुळे मंत्र्याला तो स्वस्त करून दाखवता येतो. वाया गेलेल्या तासांवर अशी किंमत छापलेली नसते.

ते तास किती, याचा हिशेब 'क्रिएट' नोंदणीत आहे. देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ पेशंटांची माहिती गोळा करून ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यम वेळ, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त लागला तो, होता ३६० मिनिटे. सहा तास. आता हे इटलीतल्या १९८६ च्या 'गिस्सी' अभ्यासाशेजारी ठेवून पाहा. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज पहिल्या तासात दिले तर मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तीन तासांपर्यंत फायदा चांगला होता आणि सहा तासांनंतर तो दिसेनासा झाला. नंतरच्या अभ्यासांनी ही मुदत बारा तासांपर्यंत ताणली, पण उतरंड तीच राहिली. म्हणजे निम्मे भारतीय पेशंट मोठा फायदा हातचा गेल्यावरच दारात पोहोचत होते. 'क्रिएट'मध्ये गुठळीच्या अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झालेले ८ टक्के होते. तेव्हापासून कॅथलॅब खूप वाढल्या, पण त्या कुठे वाढल्या? पुण्यात एका रस्त्यावर तीन सापडतील. सिरोंचाहून किंवा धडगावहून निघालेला पेशंट दोन तासांत कॅथलॅबच्या टेबलावर पोहोचेल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने ते रस्ते एकदा पावसाळ्यात पाहून यावेत.

म्हणून उपाय दोन टप्प्यांचा हवा. आधी जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, मग पेशंट मोठ्या रुग्णालयात हलवून दुसऱ्या दिवसापर्यंत अँजिओग्राफी आणि गरजेनुसार औषधलेपित स्टेंट. ही गरिबांसाठीची तडजोड मुळीच नाही. तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ शकणार नाही अशा १,८९२ पेशंटांवर झालेल्या 'स्ट्रीम' अभ्यासात हा मार्ग थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीस तोड ठरला. मृत्यू, शॉक (रक्तदाब कोसळणे), हृदय निकामी होणे आणि पुन्हा अटॅक मिळून १२.४ टक्के, थेट अँजिओप्लास्टीत १४.३ टक्के. किंमत होती ती मेंदूतल्या रक्तस्रावाची: शंभरात एक, विरुद्ध हजारात दोन. पंचाहत्तरीपुढच्यांसाठी अभ्यासाच्या मध्यातच मात्रा निम्मी केली गेली.

तामिळनाडूने हे करून दाखवले. लहान रुग्णालये मोठ्या कॅथलॅबशी जोडली, ईसीजी पुढे पाठवण्याची सोय केली, रुग्णवाहिका त्यात गुंफल्या. २,४२० पेशंटांच्या त्या प्रयोगात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवा स्टेंट नाही. गोव्याने २०१८ च्या अखेरीस हीच पद्धत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला मध्यभागी ठेवून सुरू केली. कर्नाटकाने, सेहेचाळिसाव्या वर्षी अटॅकने गेलेल्या पुनीत राजकुमार यांच्या नावाने, तालुका रुग्णालयांत हे महागडे इंजेक्शन फुकट ठेवले. तामिळनाडूने पुढे जाऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिनच्या पहिल्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या तयार ठेवल्या. नुसत्या ॲस्पिरिनने अटॅकमधले मृत्यू २३ टक्क्यांनी घटतात, हे १९८८ पासून, १७,१८७ पेशंटांच्या 'आयसिस-२' अभ्यासापासून माहीत आहे. ती गोळी गावात मिळायला २०२३ उजाडावे लागले, तेही एका राज्यात.

महाराष्ट्रात यातले सुटे भाग आहेत. २०१४ पासून १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरसह धावल्या. उपजिल्हा रुग्णालयांतून ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवण्याचा स्टेमी (गुठळीच्या मोठ्या अटॅकचे इंग्रजी लघुरूप) प्रकल्प आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आहे आणि २०२४ पासून ती योजना सगळ्या कुटुंबांना खुली झाली. गंमत म्हणजे गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन पुण्यातच बनते. आणि तरी तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकरा वाजता अटॅक घेऊन पोहोचलेल्या माणसाला ते मिळेल की 'पुढे न्या' ही चिठ्ठी मिळेल, हे त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे यावर ठरते.

त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरची बाजूही ऐकली पाहिजे. तो एकटा असतो. इंजेक्शन दिले आणि शंभरातला तो एक रक्तस्राव त्याच्याच वाट्याला आला, तर खिडक्या फुटतात, नोटीस येते, मोबाईलवर व्हिडिओ फिरतो. मोठी धमनी आतून चिरली असेल आणि ते दुखणे अटॅकचे समजून इंजेक्शन दिले गेले, तर पेशंट हातचा जातो. उलट पेशंट पुढे पाठवला आणि तो वाटेत गेला, तर कोणी त्या डॉक्टरला विचारत नाही. या परिस्थितीत पाठवून देणे हाच शहाणपणा ठरतो, त्यात त्याचा भेकडपणा नाही. तो शहाणपणा बदलायचा तर ईसीजी पाठवल्यावर दहा मिनिटांत नावानिशी एका हृदयरोगतज्ज्ञाचा लेखी आदेश आला पाहिजे, आणि त्या आदेशाप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी खाते उभे राहील हे शासन निर्णयात लिहिले पाहिजे. नुसती इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवून काही होणार नाही. ती मुदत संपून जातील.

राहिले नंतरचे महिने. इथे लागणारा पैसा तर हसण्याइतका थोडा आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही जेनेरिक मिळतात, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महात्मा फुले योजनेत पाठपुराव्याचीही पॅकेजेस आहेत. पण गोळी सुटण्याची कारणे पॅकेजमध्ये मावत नाहीत. दात काढताना डेंटिस्ट 'रक्त पातळ करायची गोळी बंद करा' म्हणतो आणि ती पुन्हा चालू करायला कोणी सांगत नाही. मूळव्याधीतून रक्त पडले की घाबरून सगळ्याच गोळ्या बंद होतात. नवरात्रात उपवास म्हणून रिकाम्या पोटी नको म्हणतात. शेजारचा सांगतो, त्याने सहा महिन्यांनी सोडली, काही झाले नाही. आणि सर्वांत साधे कारण: औषध घ्यायला शहरातल्या त्याच रुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे एसटीचे भाडे.

तामिळनाडूत २०२१ पासून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देण्याची योजना आहे. आपल्याकडेही प्राथमिक आरोग्य केंद्रांतून याच दोन रोगांच्या गोळ्या मिळतात. त्याच खिडकीतून स्टेंटच्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची एक का मिळू नये? अडचण पैशाची नाही, खरेदीची आहे. आपली सरकारी औषध खरेदी आधी हाफकिनकडे होती, मग २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे गेली, आणि या सगळ्या काळात 'स्टॉक संपलाय' हे वाक्य बदलले नाही. रक्तदाबाची गोळी आठ दिवस मिळाली नाही तर बहुधा निभावते. नवा स्टेंट असलेल्याला आठ दिवस महागात पडू शकतात. म्हणून या दोन गोळ्यांची खरेदी इतर औषधांच्या रांगेत न ठेवता योजनेच्या पैशातून वेगळी करावी, आणि अँजिओप्लास्टीची मंजुरी देतानाच पेशंटच्या जवळच्या केंद्रात बारा महिन्यांचा साठा त्याच्या नावे चढवावा.

रुग्णालयाच्या पैशाचा थोडा भाग बारा महिन्यांनी, पेशंटच्या गोळ्या चालू आहेत हे पाहून द्यावा, असेही मला वाटते. यावर रुग्णालये म्हणतील, गावातल्या माणसाने गोळी सोडली तर आमचा काय दोष? प्रश्न रास्त आहे. याने उलट जास्त आजारी किंवा एकट्या पेशंटांना टाळले जाईल, हा धोकाही खरा आहे. म्हणून ती रक्कम कापून न घेता वर जादा द्यावी. एक आरोग्यसेविका फोन करायला नेमली तरी त्या रकमेतून तिचा पगार निघेल.

सुरुवात कुठून करायची, तर ऊसतोड कामगारांपासून. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि सहा महिने त्यांचे गाव बंद असते. यांतल्या ज्यांच्या छातीत स्टेंट आहे, त्यांच्या गोळ्या गावच्या केंद्रात पडून राहतात आणि माणूस कारखान्याच्या फडात असतो. टोळी निघण्याआधी अशांची यादी केंद्राकडे असावी, निघताना हातात तीन महिन्यांच्या गोळ्या असाव्यात आणि पुढचा साठा कारखान्याजवळच्या कुठल्याही केंद्रात कार्ड दाखवून मिळावा. मुकादमाला टोळीतल्या प्रत्येकाची उचल किती हे तोंडपाठ असते. त्या यादीत गोळीवाल्यांची नावे लिहायला सहकारी साखर कारखान्यांना पुढच्या हंगामापासून सांगता येईल.